गुळाची उशी

"चष्मा काढ," आई म्हणाली.

मी काढला. ठेवायचा कुठे ते कळेना, म्हणून हातातच धरला. समोर जमिनीवर एक पसरट लाकडी खोकं होतं, त्यात उशीचा ओला अभ्रा, आणि अभ्र्याच्या आत काठोकाठ गूळ. त्यातून वाफ येत नव्हती, पण जवळ वाकलं की गालाला ऊब लागत होती.

"यशवंता, बघ रे. हिला चटका बसेल का?"

यशवंत मगदूमनं, बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं, अभ्र्यावर कोपर टेकवून बघितलं. गुऱ्हाळ त्याचं होतं. तो आईचा विद्यार्थी, आणि मिशा पिकल्या तरी तिच्यासमोर हात मागे बांधून उभा राहायचा.

"आता सोसंल, बाई. पर लई येळ लावू नका. बसत चाललाय."

"झोप," आई मला म्हणाली.

"इथं?"

"मग काय गादी घालू? गुडघ्यावर बस आणि डोकं ठेव. उजवा कान खाली."

चुलाणात उसाची चिपाडं ढकलणारी माणसं हात थांबवून बघत होती. मी पुण्यात एका प्रकाशनसंस्थेत हस्तलिखितं वाचते. चाळिशी कधीच उलटली होती. आठवडाभराच्या रजेवर कोल्हापूरला आले होते आणि आईला गाडीनं गुऱ्हाळावर आणून सोडायचं, एवढंच माझं काम ठरलं होतं. तरी मी गुडघे टेकले आणि डोकं ठेवलं. अभ्र्याचं ओलं कापड आधी गार लागलं. मग खालून ऊब वर आली आणि कान, गाल, कानशील हळूहळू आत गेलं.

आईनं माझ्या डाव्या कानावर तळहात ठेवला आणि दाबलं. कणीक मळून झाल्यावर वरून दाबतात, तेवढंच.

"हलू नकोस."

आमच्या घरात एकमेकांच्या अंगाला हात लावायची पद्धत नव्हती. ताप बघायचा तर आई थर्मामीटर आणायची. मी परगावी निघाले की ती फाटकापर्यंत यायची आणि फाटकाच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची. त्यामुळे तो हात नेमका केवढा आहे, हे मला तेव्हाच कळलं. लहान होता. माझा कान आणि कानशील झाकलं की संपत होता.

हात तसाच ठेवून ती माझ्या डोक्यावरून यशवंतशी बोलत राहिली.

"तुझी पोरगी इंटरमीजिएटला बसली का रे?"

"बसली न्हवं. पर वस्तुचित्रात मार खाल्ला तिनं."

"तांब्याचा तळ सपाट काढते ती. किती वेळा सांगितलं, तळ सपाट दिसत नसतो. रविवारी येते मी, सांग तिला. आणि तांब्या पितळेचा ठेव म्हणावं, स्टीलचा नको."

"सांगतो की."

एका कानाला ते बोलणं लांबून आल्यासारखं येत होतं. दुसऱ्या कानाला काहीच नव्हतं, नुसती ऊब. मग आई म्हणाली, "झालं. ऊठ."

हात उचलला गेला. मी उठले.

"मान अवघडली?"

"हो," मी म्हणाले. अवघडली नव्हती.

परतीच्या वाटेवर गाडी रेल्वेच्या फाटकापाशी थांबली होती, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कानामागं राहिलाय." नखानं तो गुळाचा कण खरवडून काढला, आणि इकडे तिकडे बघून स्वतःच्या तोंडात टाकला.

हे सगळं मी सांगते आहे, त्याला आता बरीच वर्षं झाली.

आईनं आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. तांब्या, पेला, वांगं, कापडाच्या चुण्या. घरी मात्र तिनं कधी चित्र काढलेलं मी बघितलं नाही. निवृत्त झाल्यावर तिची एक जुनी विद्यार्थिनी तिला मुंबईला एक प्रदर्शन बघायला घेऊन गेली. मी पुण्याहून गेले. एका दालनात माणसांच्या केसांचा वळलेला दोर छतापासून जमिनीपर्यंत सोडला होता. दुसऱ्यात पावाच्या तुकड्यांची भिंत होती, हिरवी-काळी बुरशी आलेली, आणि खोलीभर आंबूस वास. मी आईला समजावून सांगत होते. वाचलेलं होतं मी, क्षय, काळ, देह वगैरे. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. दारातल्या रखवालदाराला तिनं विचारलं, "ह्याला मुंग्या लागत नाहीत?"

"लागतात, मॅडम. पण हाकलायच्या नाहीत, असं सांगून ठेवलंय."

जिना उतरताना ती मधेच थांबली. "म्हणजे असं चालतं," ती म्हणाली.

"काय चालतं?"

"काहीही."

त्यानंतर तिनं कांद्याच्या सालींची साडी केली. नऊवारी, पदर आणि काठासकट. ती दांडीवर वाळत घातल्यासारखी टांगली होती आणि पंखा लावला की कुरकुरायची. मग गल्लीतल्या घराघरांतून संपत आलेल्या साबणाच्या चिपा गोळा केल्या आणि त्यांची पावलं केली, बायकांची, भेगांसकट. लोक हसायचे. "बाईंना नाद लागलाय," म्हणायचे आणि चिपा मात्र न चुकता आणून द्यायचे. मी प्रत्येक वेळी आले की त्या वस्तूचा अर्थ सांगायचे. श्रम, स्त्री, नश्वरता. आई ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "असेल."

मुंबईच्या नूपुर कर्णिक नावाच्या एका मुलीनं ती साबणाची पावलं बघितली. ती प्रदर्शनं भरवायची. तिनं आईकडे नवीन काहीतरी मागितलं, आणि आईनं गूळ निवडला. कारण विचारलं तर म्हणाली, "गुळावर कापडाचा छाप उठतो. ढेपेवर बघ कधीतरी. एक-एक धागा दिसतो."

गुऱ्हाळावरून आलेल्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण करून ती आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. चहाच्या वेळेला हाक मारली. परत मारली. पुस्तकात खूण घातली आणि आत गेले.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच. चांगलं मरण, असं फाटकातून आत येणारा प्रत्येक जण म्हणाला. मी मान हलवली.

आईची धाकटी बहीण, शकूमावशी, निपाणीहून आली आणि तिनं घर ताब्यात घेतलं. कोण कुठे झोपणार, कुणाला कळवायचं राहिलं, कुणाच्या घरून डबा येणार, सगळं ती बघायची. मला काही विचारलं की मी "हो" म्हणायचे. आईचं ते निळं लुगडं तिच्यासोबत द्यायचं का? हो. रक्षाविसर्जनाला नदीवर तू येणार ना? हो. कांद्याच्या सालींची साडी कुरकुरते, पोरं घाबरतात, काढून ठेवू का? हो. मृत्यूबद्दल मी पुष्कळ वाचलेलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्या दिवसांत मला आठवलं नाही, आणि आठवलं नाही याचंही काही वाटलं नाही. रडू येत नव्हतं. बायका मावशीला हळूच विचारायच्या, "पोरगी रडली का?" मावशी म्हणायची, "रडंल की. घाई काय हाय?"

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यशवंतनं उशी टेम्पोतून पाठवली. दोन माणसांनी धरून आत आणली. ओला अभ्रा काढलेला होता आणि वरून पांढरं स्वच्छ फडकं गुंडाळलेलं. मागच्या खोलीत आईनं स्टूल आधीच मांडून ठेवलं होतं, चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. मी वाट्यांत पाणी भरलं. माणसं गेल्यावर फडकं एका बाजूनं उचललं.

उशीच होती. चार कोपरे, कडेची शिवण, अभ्र्यावरच्या भरतकामाचं फूल उलटं उठलेलं. मधोमध खळगा. खळग्याच्या तळाशी, कापडाच्या विणीतून, कान. मी फडकं परत घातलं.

त्यानंतर मी रोज एकदा त्या खोलीत जाऊन वाट्यांत पाणी घालायचे. दिवसभरात तेवढं एकच काम मी कुणी न सांगता करत होते.

नूपुरचा फोन आला. ती म्हणाली, "मॅडमनी माझ्याशी बोलताना सांगितलं होतं, उशी आहे, त्यात डोक्याचा खळगा आहे. तुमच्या वडिलांची ना ती?"

बाबा जाऊन खूप वर्षं झाली होती. मी काही बोलले नाही. त्याचा अर्थ तिनं "हो" घेतला.

"ती अनुपस्थिती... मला फार महत्त्वाची वाटते. मी न्यायला आले तर चालेल? पुढच्या गुरुवारी?"

"हो," मी म्हणाले. गुरुवारी तेरावा आहे, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. आणि ती उशी मला द्यायची नाही, हेही. पण हे दुसरं कुणाला सांगायचं आणि कसं, ते मला कळेना. आईनं शब्द दिलेला होता. शिवाय द्यायची का नाही, असं कुणी विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं की ते डोकं माझं आहे. तेवढं वाक्य तोंडातून निघेल असं वाटत नव्हतं.

तेराव्याला आमच्याकडे घर गोड करतात. बारा दिवस घरात गोडाचं काही शिजत नाही, तेराव्याला पुरणपोळी होते, नैवेद्य दाखवतात, आणि सगळे जेवले की सुतक संपलं. त्या सकाळी स्वयंपाकघरात शेजारच्या बायका पदर खोचून बसल्या होत्या. डाळ शिजायला लागली होती. मी बाहेरच्या खोलीत होते. नूपुर आली. तिशीची असेल, सुती साडी नेसून आलेली, आणि दारातच तिला कळलं आपण कुठल्या दिवशी आलोय ते.

"अरे देवा. सॉरी. मी नंतर येते."

"बसा," मी म्हणाले. "जेवूनच जा."

ती खुर्चीच्या कडेवर बसली. आतून बत्त्याचे ठोके यायला लागले, कापडात गुंडाळून काहीतरी फोडताना येतात तसे दबके.

"मुंबईच्या हवेत गूळ टिकणार नाही," नूपुर हळू आवाजात सांगत होती. "वरून रेझिनचा एक थर द्यावा लागेल. मॅडम नको म्हणाल्या होत्या. म्हणाल्या, मुंग्या आल्या तर येऊ देत, फक्त त्यांना तिकीट लावू नकोस." ती हसली आणि लगेच सावरली. "आता निर्णय तुमचा."

ठोके चालू होते. मी ते ऐकत होते. पुरण शिजायला लागल्याचा वास आला, वेलदोडा, जायफळ. निर्णय तुमचा, असं तिनं म्हटल्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "आधी बघून घ्या."

मागच्या खोलीत स्टूल होतं. चार वाट्या होत्या. एकीत दोन मुंग्या तरंगत होत्या. स्टुलावर काही नव्हतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. मावशी फरशीवर फतकल मारून बसली होती, समोर ते पांढरं फडकं, त्याच्यावर बत्ता. मोठ्या पातेल्यात डाळ आणि गूळ रटरटत होता.

"मावशी, हा गूळ कुठला?"

"मागच्या खोलीतली ढेप. सकाळपासनं त्या यशवंताची वाट बघतीया मी, गूळ आणतो म्हणला न् पत्ता न्हाई. मग म्हटलं घरात हाय की एवढी मोठी. फुटता फुटंना मेली. हात भरून आले."

"फडकं काढून नाही बघितलंस?"

"गूळ काय काढून बघायचा? फडक्यासकट घालावा लागतो बत्ता, न्हाईतर उडतो चौफेर."

माझ्या मागून नूपुर म्हणाली, "ती कलाकृती होती."

"कोण?" मावशी म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे, मग फडक्याकडे. पोळपाटाशी बसलेल्या एका बाईच्या हातातला उंडा तसाच राहिला.

"ताईची?" मावशीनं विचारलं. "ताईनं केलेलं काय हुतं का त्येच्यात?"

"हो."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पातेल्याशी गेली, आत वाकून बघितलं. "आता परत निघायचं न्हाई का गं त्यातनं?" तिनं विचारलं. अगदी खरोखर विचारलं. मग तिच्या तोंडावर पदर गेला. "अगं बया. अगं मी ताईच्या हातचं शेवटचं... आणि मला मेलीला..."

"राहू दे, मावशी," मी म्हणाले. "ढवळ. खाली लागेल."

तिनं पदराखालूनच झारा उचलला आणि ढवळायला लागली.

मी खाली बसून फडकं उलगडलं. चुरा होता, खडे होते, आणि मधोमध एक मोठा तुकडा राहिला होता, पसरट वाडग्याएवढा. चारी बाजूंनी फुटलेला. खळगा तेवढा शाबूत होता. दाबून घट्ट झालेला भाग तो, म्हणून फुटला नसावा.

तेवढ्यात मागच्या दारातून यशवंत आला, खांद्यावर गुळाचा रवा, म्हणजे नवी अख्खी ढेप, घेऊन. "मावशी, चाक पंक्चर झालं ओ, म्हणून—" तो थांबला. त्याला फडकं दिसलं, बत्ता दिसला. त्यानं रवा हळूच खाली ठेवला, आवाज होऊ नये असा.

नूपुर माझ्याशेजारी उकिडवी बसली होती. तिनं त्या तुकड्याला हात लावला नाही. "हा तरी द्याल?" ती म्हणाली. "खरं सांगू का, असाच... फुटलेलाच. घरच्यांनी तेराव्याला पुरणात घातला, हे शेजारी लिहू आपण. आणि वडिलांच्या डोक्याची ही खूण नेमकी उरलीये."

"वडलांची कशाची?" यशवंत माझ्याकडे बघत म्हणाला. "विभाताईंचं हाय ते डोकं. बाईंनी धरलंतं. मी हुतो न्हवं तिथं."

पातेल्यातला झारा थांबला. मावशीनं पदर काढला. तिनं खाली वाकून खळग्यात बघितलं, मग माझ्या उजव्या कानाकडे.

"तू बोलली न्हाईस गं."

"कुणी विचारलं नाही."

नूपुरचा चेहरा पडला. "सॉरी, मी... सगळं त्याच कल्पनेवर लिहून ठेवलं होतं."

"असू दे."

"मग हा तुकडा?"

तेरा दिवस मी सगळ्यांना हो म्हणत आले होते. तिलाही म्हणणारच होते, तोंड उघडलंसुद्धा.

"नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि परत मागितला नाही.

नैवेद्य दाखवला. पंगत बसली. यशवंतनं वाढायला घेतलं. मावशी पोळी घेत नव्हती, नुसता वरण-भात कालवत बसली होती. मी माझ्या पानातली अर्धी पोळी मोडून तिच्या पानात ठेवली. आमच्या घरात असं कुणी करत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तुपात बुडवून खाल्ली. "चांगली झालीया," म्हणाली आणि पोळी तोंडात असतानाच रडली. मीही खाल्ली. पोळी मऊ झाली होती. गोड होती.

निघताना नूपुरला मावशीनं पोळ्यांचा डबा बांधून दिला. नूपुर डबा दोन्ही हातांत धरून फाटकात उभी राहिली. "ह्या मी प्रदर्शनात ठेवल्या तर?"

"शिळ्या हुतील," मावशी म्हणाली. "आजच खा. आणि डबा परत धाड."

पुढच्या पावसाळ्यात त्या तुकड्याला पाणी सुटलं. मी तो पुण्याला आणला नव्हता, तिथेच स्टुलावर होता, आणि वाट्यांत पाणी घालायला रोज कुणी नव्हतं. मी गेले तेव्हा स्टुलावर नुसता तपकिरी डाग होता आणि मुंग्यांची एक ओळ भिंतीकडे चाललेली. मी ती बघत बसले. पुसली नाही.

पण ते नंतर.

त्या दुपारी सगळे गेले. मावशी भांडी घासायला बसली. मी तो तुकडा मागच्या खोलीत नेऊन स्टुलावर ठेवला, पाण्यानं वाट्या भरल्या. दार लोटून घेतलं. चष्मा काढला. इथेही तो ठेवायला जागा नव्हती, हातातच धरला. गुडघे टेकले आणि उजवा कान खाली ठेवून डोकं टेकवलं.

गूळ गार होता. कडक. कान बरोबर बसला, गाल बसला. कानशिलापाशी एक कड टोचत होती, बत्त्यानं फुटलेली. डावा कान उघडा होता. त्यातून नळाचं पाणी, मावशीच्या बांगड्या, भांड्यावर भांडं, सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"मान अवघडली नाही माझी," मी म्हणाले. आवाज त्या खळग्यातच राहिला, म्हणून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. "मान अवघडली नाही, आई. राहू दे हात. अजून थोडा वेळ राहू दे."